हवा नको, आवाज हवा

स्पोर्ट्स कारचा कंपनीने बसवलेला हवेचा डबा काढून त्याजागी बाजारातला उघडा फिल्टर लावण्यात काही अर्थ आहे का, असं मला कोणी गेल्या वर्षी विचारलं असतं तर मी त्याला समोर बसवून त्याचं चांगलं बौद्धिक घेतलं असतं. नीलचं तर घेतलंच होतं.

नील माझा भाचा. भाऊ आणि वहिनी पुण्याला राहायला गेले, पण नीलचं ऑफिस लोअर परळला, म्हणून तो दादरला माझ्याकडेच राहिला. माझ्या गाडीवर त्याचा पहिल्या दिवसापासून डोळा होता. गाडी दोन दारांची, बसकी, गडद निळी, आत जेमतेम दोन माणसं मावतील अशी. निवृत्त झाल्यावर मी ती सेकंडहँड घेतली, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या बायका मला चारधाम यात्रेची माहितीपत्रकं आणून देत होत्या. मी ती सगळी घेतली, धन्यवाद म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी गाडी काढून वरळीला फिरून आले. मी मृणालिनी आठल्ये. लग्न केलं नाही, आयुष्यभर कापड तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी केली, आणि गाडी चालवण्यात मला जेवढं सुख मिळालं तेवढं दुसऱ्या कशात मिळालं नाही.

तर नीलचा धोशा सुरू झाला. आत्या, इनटेक, म्हणजे इंजिनात हवा जायची ती वाट, बदल, नुसती हवा होईल. आमच्या मुंबईतल्या पोरांच्या तोंडी ‘हवा होणं’ म्हणजे चारचौघांत बोलबाला होणं. मी त्याला म्हटलं, गाडीला हवा भरपूर मिळते आहे, डोक्यात गेली आहे ती तुझ्या.

मग बौद्धिक. प्रयोगशाळेत माझ्याकडे हेच काम होतं, कापडातून हवा किती जाते ते मोजायचं. शर्टाच्या कापडातून, तंबूच्या कापडातून, कारखान्यांत धूळ अडवायला लावतात त्या जाड कापडातून. त्यामुळे अडथळा म्हणजे काय हे मला पुस्तकात बघावं लागत नाही. गाडीचा कागदी फिल्टर इंजिनाला लागते त्यापेक्षा जास्तच हवा सोडतो. तिथे अडतच नसेल तर काढायचं काय? उलट कंपनीचा डबा हेडलाइटच्या मागून बाहेरची गार हवा घेतो, आणि बाजारातला उघडा फिल्टर बॉनेटखाली तापलेली हवा ओढत बसतो. तापलेल्या हवेवर इंजिन मरगळतं. राहता राहिला आवाज. डब्याचा आकार असा वेडावाकडा असतो तो मुळी आवाज मारण्यासाठीच. म्हणजे एवढा खटाटोप करून पदरात पडणार काय, तर घरघर.

हेच सगळं मी हितेंद्र परबलाही ऐकवलं होतं. हितेंद्रचं गॅरेज लालबागला एका गल्लीत आहे आणि माझी गाडी त्याच्याशिवाय कोणाच्या हाताला लागत नाही. त्याला ते इतकं पटलं की त्यानंतर इनटेक मागायला आलेल्या प्रत्येक पोराला तो माझंच भाषण म्हणून दाखवायचा, वर ‘आमच्या आठल्ये मॅडमनी मशीनवर मोजलंय’ असंही सांगायचा. गाडीचं मी काहीच मोजलेलं नव्हतं, पण मला ते ऐकायला बरं वाटायचं.

मग माझे कान गेले.

एकदम नाही गेले. आधी दाराची बेल गेली, मग कुकरची शिट्टी, मग फोनवर बायकांचं बोलणं. रुचा म्हणजे नीलची मोठी बहीण. ती माहीमला राहते आणि एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. वय झालेल्या माणसांना ‘आता हे करायचं नाही’ असं गोड आवाजात सांगण्याची तिला रोजची सवय. तिनेच मला हाताला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं आणि दोन्ही कानांत यंत्र आलं. यंत्र चांगलं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. माणसाचं बोलणं ते पुढे आणतं आणि एकसुरी घरघर असेल ती कचरा समजून गाळून टाकतं. त्याने पंखा गाळला, फ्रिज गाळला, आणि माझ्या गाडीचं इंजिनही गाळून टाकलं. मी तक्रार केली तेव्हा तिथल्या मुलीने काहीतरी बदलून दिलं. त्यानंतर टायर, ब्रेक, हॉर्न, बाजूच्या बसचा कंडक्टर, सगळं एकाच वेळी इतकं अंगावर यायला लागलं की गाडीत बसल्याबसल्या भायखळ्याच्या भाजीबाजारात उभं असल्यासारखं वाटायचं. मी मुकाट्याने पहिल्यासारखं करून घेतलं.

ज्यांना गाडी म्हणजे इथून तिथे नेणारी वस्तू वाटते, त्यांना यात काय बिघडलं ते कळणार नाही. मी गियर कानाने बदलायची. इंजिन अमुक एका सुराला आलं की हात आपोआप गियरवर जायचा, डोळे रस्त्यावरून हलवावे लागत नसत. आता इंजिन गप्प. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा बघायचा तर नजर खाली, आणि मुंबईत नजर खाली घातली की समोर स्कूटर उभीच.

लालबागला भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला व्हायचं ते झालं. रुचा माझ्या शेजारी बसली होती. सिग्नल हिरवा झाला, मला वाटलं इंजिन बंद पडलंय, म्हणून मी किल्ली फिरवली. इंजिन चालू होतं. चालू इंजिनावर स्टार्टर मारला की जी करकर होते तिने अंगावर काटा येतो म्हणतात. मला फक्त पायाखाली काहीतरी खरवडल्यासारखं वाटलं. पण बाजूच्या टॅक्सीवाल्याने डोकं बाहेर काढून बघितलं, फुटपाथवरची माणसं वळली, आणि रुचाने दोन्ही हातांनी कान झाकले. मला वाटलं, इंजिन अजून चालू होत नाहीये. मी परत किल्ली फिरवली.

 घरी आल्यावर ती पाणी प्यायली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"आत्या, आज गाडी खरवडलीस. उद्या माणूस खरवडशील. किल्ली नीलला दे."

मला भयंकर राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली, कारण ती चूक बोलत नव्हती. गाडी गेली तर मी बसने जाईन, टॅक्सी करेन, त्यात कमीपणा काही नाही. दादरमध्ये गाडीवाचून कोणाचं अडत नाही. पण चाक हातात असतं तेव्हा मी कोणाची आत्या नसते, कोणाची पेशंट नसते, ‘या वयात कशाला’ म्हणणारं कोणी शेजारी नसतं. तेवढा वेळ मी मृणालिनी असते. ते माझ्या हातातून जाणार होतं आणि मी ते जाऊ देणार नव्हते.

मी रुचाकडे मुदत मागितली. गणपतीच्या आधी एका रविवारी तू माझ्या शेजारी बस, मी दादरहून गिरगावपर्यंत गाडी नेते. वाटेत एकदा जरी चालू इंजिनाला स्टार्टर मारला, एकदा जरी काटा लाल पट्ट्यात गेला किंवा गाडी बंद पडली, तर किल्ली नीलची. रुचाने विचार केला. ती कडक आहे, पण न्यायाने वागते. तिने एकच अट घातली, खालच्या रस्त्याने जायचं. उड्डाणपुलावरून काय, कोणीही नेईल.

नीलने आपला आनंद फार सभ्यपणे लपवला. फोनवर मात्र तो लगेच इनटेकच्या किमती बघायला लागला, हे मला चष्मा न लावताही दिसत होतं. इतकंच नाही, भावी योजनेला माझा आशीर्वाद असावा म्हणून तो मला एका संध्याकाळी शिवाजी पार्कला घेऊन गेला. तिथे त्याचा मित्र स्वप्नील आपली गाडी घेऊन आला होता, उघडा फिल्टर लावलेली. आत्या, नुसती बस आणि ऐक, म्हणाला. मी टोमणे तयार ठेवूनच बसले.

स्वप्नीलने ॲक्सिलेटर दाबला आणि डॅशबोर्डच्या मागून एक जाडाभरडा श्वास आला. पाय दाबला की तो वाढायचा, पाय सोडला की ओसरायचा. एकसुरी नव्हताच, त्यामुळे माझ्या कानातल्या हुशार यंत्राला तो गाळता येईना. कान गेल्यापासून पहिल्यांदा मी इंजिन ऐकत होते. मला रडू आलं. स्वप्नील बिचारा समजला की बाई घाबरल्या, आणि त्याने घाईघाईने गाडी बंद केली. मी डोळे पुसले आणि त्याला म्हटलं, परत चालू कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हितेंद्रच्या गॅरेजमध्ये हजर. इनटेक बसवायचाय म्हटल्यावर त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि माझंच भाषण मला ऐकवायला सुरुवात केली. कागदी फिल्टर पुरेशी हवा सोडतो. उघडा फिल्टर गरम हवा ओढतो. पॉवर तसूभर वाढत नाही. शब्दनशब्द पाठ होतं त्याचं. मी मध्ये बोलायला गेले तर हात वर करून थांबवलंन. आणि माझ्या भाषणात नसलेला एक मुद्दाही त्याच्याकडे होता. गॅरेजसमोरची जुनी चाळ पाडायचं काम चालू होतं आणि गल्लीत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूवर पांढरी धूळ बसलेली होती.

"ह्यो धुरळो बघतास? सगळो गाडीच्या पोटात जातलो," हितेंद्र म्हणाला. चिडला की त्याची भाषा थेट कणकवलीला पोचते. "मॅडम, तुमीच बोललेलात, नुसती हवा करायची असेल त्याने लावावा. तुम्हाला कसली हवा करायचीय?"

"मला हवा नकोय, हितेंद्र. मला आवाज हवाय."

 मग मी डोकं वळवून केस मागे घेतले आणि कान दाखवला. इतके दिवस त्याने ते यंत्र पाहिलं नव्हतं, कारण मी ते त्याच्यापासून लपवतच होते. कानाने गाडी ओळखणाऱ्या माणसासमोर बहिरं ठरायची मला लाज वाटत होती.  चहा सांगितलान आणि बॉनेट उघडलंन.

काम आम्ही दोघांनी मिळून केलं. हितेंद्रने फिल्टर आणला आणि इंजिनाची धग लागू नये म्हणून त्याच्याभोवती पत्र्याचा आडोसा बनवला. धुळीचं मी बघते म्हटलं. माझ्याकडे नोकरीच्या काळातले कापडाचे तुकडे अजून ट्रंकेत आहेत. कुठलं धूळ अडवतं आणि तरी श्वास घेऊ देतं हे मला बोटांनी कळतं. त्यातलं एक निवडून मी घरच्या मशीनवर फिल्टरला टोपडं शिवलं. बाळाला घालतात तसं दिसत होतं ते, नाडीसकट. हितेंद्र ते बसवताना हसला, पण बसवलंन नीट.

आता गाडी कशी झाली ते खरं सांगायला हवं, कारण नंतर नीलने सगळीकडे वेगळंच सांगितलं. इनटेक बसवायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मी पहाटे कोस्टल रोडवर गाडी नेऊन नीलच्या फोनवर वेग धरून पाहिला होता. फरक शून्य. गाडी सणसणीत पळते असं वाटतं खरं, पण ते वाटणं आवाजामुळे. आणि हिंदमाताच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलं की पत्र्याचा आडोसा असूनही गाडी आधीपेक्षा मरगळायची, पाय दाबल्यावर क्षणभर विचार करायची. म्हणजे माझं जुनं भाषण बरोबरच होतं. वेगासाठी हा उद्योग करणारा माणूस मूर्ख, असं मी आजही म्हणेन. नीलला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. मला मात्र काही वाईट वाटलं नाही.

मी रोज सकाळी रस्ते भरायच्या आधी निघायची. दादर टीटी, नायगाव, वडाळा, परत. पाय दाबला की तो जाडाभरडा श्वास यायचा आणि त्यावरून मी गियर टाकायची. सुरुवातीला अंदाज चुकायचा, कारण हा सूर नवा होता, माझ्या जुन्या ओळखीचा नव्हता. मी चिडायची, स्वतःलाच शिव्या घालायची, आणि पुन्हा तोच रस्ता धरायची. हळूहळू जमायला लागलं. त्यातच एक अशी गोष्ट झाली जी मी ठरवून केली नव्हती. आवाज चढला की त्याच क्षणी चाकावरच्या माझ्या तळव्यांनाही काहीतरी जाणवायचं, बारीक कापरं. ते आधीही जाणवत असणारच, पण ते कशाचं हे मला माहीत नव्हतं. आता आवाज सांगायचा, हे तिसऱ्या गियरचं, हे चौथं मागतंय, हे इंजिन नुसतं उभं आहे त्याचं. एकदा नायगावजवळ कानांतल्या दोन्ही यंत्रांची बॅटरी संपली आणि मी तशीच घरी आले. गाडी पार्क केल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण वाटेत एकदाही घाबरलो नाही. हे मी रुचाला सांगितलं नाही. तिने त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असती.

ठरलेल्या रविवारी दुपार कलताना आम्ही निघालो. दिवस निवडताना आम्ही तिघांनी कॅलेंडर बघितलं होतं. गणपतीला अजून दोन-तीन आठवडे होते, म्हणजे रस्ते मोकळे असणार. ही खास दादरकरांची चूक. आमच्याकडे गणपती चतुर्थीला सकाळी येतो, पाटावर बसून, टॅक्सीतून. परळ-लालबागचे मोठे गणपती मात्र त्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासूनच शनिवार-रविवारी मूर्तींच्या कारखान्यांतून निघतात आणि त्यांच्या आगमनाला अर्धी मुंबई लोटते. हितेंद्रला मी रविवारी येते आहे हे माहीत होतं, पण तो काही बोलला नव्हता. हे कोणाला सांगावं लागतं याची लालबागच्या माणसाला कल्पनाच नसते.

हिंदमातापर्यंत सगळं सुरेख झालं. रुचा हाताची घडी घालून परीक्षकासारखी बसली होती. आवाज केवढा करते ही गाडी, एवढंच म्हणाली. मी गियर बदलत होते, काटा जिथे हवा तिथे होता, आणि परळच्या सिग्नलला तर तिच्या खांद्यांचा ताण जरा सैल झालेला मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला. भारतमातालाही मी थांबले, सिग्नल सुटला, मी निघाले. किल्लीला हात लावला नाही. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मला इतका आनंद झाला की तोंड आवळून बसावं लागलं.

पुढे पुलाखाली वळलो आणि रस्ता संपला. म्हणजे रस्ता होता, पण त्याच्यावर माणसंच माणसं. मागे बघितलं तर परतायची वाट गर्दीने कधीच भरली होती. समोरून ढोल-ताशाचं पथक येत होतं, मागे ट्रॉलीवर उंच मूर्ती, चेहऱ्यावर कापड. मोबाइल धरलेले हात वर गेले. एका बाजूने ढोल, दुसऱ्या बाजूने ताशे, आणि डोक्यावर पूल, त्यामुळे तो आवाज वर न जाता परत खालीच येत होता. माझ्या कानातलं यंत्र वेडं झालं. कधी सगळंच बंद करायचं, कधी सगळंच एकदम आत सोडायचं, आणि त्यात माझ्या गाडीचा तो कष्टाने मिळवलेला श्वास कुठल्या कुठे गेला. डोकं फुटेल असं झालं. मी दोन्ही कानांतली यंत्रं काढली आणि पर्समध्ये टाकली.

रुचाने ते पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ती काहीतरी बोलली, मला कळलं नाही. मी हाताने तिला थांब म्हटलं. माझे तळवे चाकावर होते, मला सगळं समजत होतं. पण ती दार उघडून उतरली, गर्दीतून वाट काढत माझ्या बाजूला आली आणि माझं दार उघडलंन. आता तिचा चेहरा माझ्या अगदी समोर होता आणि ओठ वाचायला मी या वर्षात शिकले आहे. उतर, म्हणत होती. इथे तुला काही कळणार नाही. उतर, आत्या.

मी नाही म्हटलं. मंडळाचा एक कार्यकर्ता शिट्टी मारत हात हलवत होता, गाडी बाजूला घ्या. उघड्या दारापुढे लहान मुलं आली होती. तिथे भांडायला जागाच नव्हती. मी उतरले. इतक्या अपमानाने मी आयुष्यात कुठूनही उतरले नव्हते. डाव्या बाजूला जाऊन बसले, डॅशबोर्डवर हात टेकले आणि सरळ समोर बघत राहिले. संपलं, असं मनात आलं. कोणी माझी चूक दाखवली असती तर मी मान्य केलं असतं. मी चुकले नव्हते, आणि तरी संपलं होतं.

रुचा चाकावर बसली. ती रोज ऑटोमॅटिक चालवते, पण क्लचची गाडी तिला नवी नाही. कार्यकर्त्याने समोरची माणसं हटवून थोडी जागा केली आणि पुढे या म्हणून हात केला. रुचाने क्लच सोडला, गाडीला एक हिसका बसला, आणि माझ्या तळव्यांखालचं कापरं थांबलं. इंजिन बंद पडलं होतं.

तिला ते कळलं नाही. कळणार कसं? तिच्या दोन्ही कानांत ढोल होते. तिने ॲक्सिलेटर दाबला, आणखी दाबला. काट्याकडे बघायचं तिला सुचलंच नाही, ती समोरच्या माणसांकडे बघत होती. कार्यकर्त्याने बॉनेटवर थाप मारली. मागून कोणीतरी काचेवर वाजवत होतं. गाडी ढिम्म हलेना. तिने गियर काढला, परत टाकला, पुन्हा ॲक्सिलेटर दाबला. तिच्या कपाळावर घाम दिसत होता.

मी गप्प बसले. दुष्टपणा म्हणा हवं तर. मला राग होता, आणि तो मी गिळणार नव्हते. पण मग तिने चाक दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलेलं दिसलं. तीच रुचा, लहानपणी रस्ता ओलांडताना माझ्या हाताची दोन बोटं घट्ट धरून ठेवायची ती. माझा राग तिथेच विरला. मी सांगायला तोंड उघडलं, तोच ती माझ्याकडे वळली.

त्या गोंगाटात तिचा आवाज कोणालाच ऐकू गेला नसता. तिलाही नाही. मी तिचे ओठ बघत होते.

"आत्या," ती म्हणाली, "गाडी चालू आहे का गं?"

मी डॅशबोर्डवरचा हात न काढता मान हलवली. नाही.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. सपाट टेकलेला हात, पाचही बोटं पसरलेली. मग तिने दार उघडलं, कार्यकर्त्याला हात जोडून एक मिनिट म्हणून खूण केली, आणि वळसा घालून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. दार उघडून तिने मला हात दिला. मी उतरले आणि जाऊन चाकावर बसले. क्लच दाबला, किल्ली फिरवली, आणि कापरं तळव्यांत येईपर्यंत थांबले.

शेजारी रुचा बसली, दार ओढून घेतलंन, आणि माझ्याकडे न बघता पट्टा बांधलान.